नवसाबाईच्या चुलीचा धूर

यशोदाने परत आलेला लेख नाकाशी धरला आणि हुंगला. डिंकाचा वास होता, टपालाच्या पोत्याचा होता. धुराचा नव्हता.

"आता तेवढे कागद खायचे राह्यलेत," आक्काबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

यशोदा आईजवळच पाटावर बसली होती, कॉलेजात शिकवायला जाताना नेसलेली साडीही बदलली नव्हती. कलकत्त्याच्या त्रैमासिकाने तिचा लेख नाकारला होता. पेठ-सुरगाण्याच्या उतारांवर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, वाण शोधण्यात तिचे कितीतरी पावसाळे गेले होते. कणसांच्या रंगावरून तिने वाण वेगळे काढले होते आणि लेखावर पहिल्यांदाच एकटीचं नाव घातलं होतं. संपादकांच्या पत्रासोबत परीक्षकाचं टिपण होतं, रिवाजाप्रमाणे निनावी. नमुने चुलीच्या धुरात वाळवलेले आहेत, सबब कणसांच्या रंगाचा भरवसा धरता येत नाही, असा त्याचा आक्षेप होता. रंगच गेला तर लेखात उरत काहीच नव्हतं. लेखिकेला उत्तर द्यायचं असल्यास द्यावं, असं संपादकांनी खाली सौजन्याने लिहिलं होतं.

तिने हे आईला मराठीत सांगितलं. आक्काबाईचा हात परातीतच थांबला.

"चुलीवर वाळवले, असं तू लिव्हलं होतंस का?"

"नाही. नेहमीच्या रीतीने वाळवले, एवढंच."

"मग लय लांब नाक हाय म्हणायचं कलकत्त्याचं."

आक्काबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि तो विषय तिच्यापुरता संपला. यशोदा मात्र कागद हातात घेऊन तशीच बसली. कागदाला धुराचा वास लागलेला असता, तर तिला फार बरं वाटलं असतं.

ऐन भाद्रपदातली गोष्ट. पाड्यावर ऊन म्हणून पडत नव्हतं, वर्तमानपत्रात दाबून ठेवलेल्या रोपांना बुरशी धरू लागली होती. तेव्हा, जिच्या घरी यशोदा उतरायची त्या नवसाबाईने आपल्या चुलीवरच्या माळ्यावर जागा करून दिली होती, स्वतःच्या बियाण्याची कणसं बाजूला सारून. इंग्रजीत ती चूल कशी घालावी हे यशोदाला सुचलं नव्हतं आणि थोडी लाजही वाटली होती. त्या चुलीपाशी कॉलेजातलं दुसरं कोणी गेलं असेल तर एकटे खैरनारसर. ते एकदाच आले होते. गुडघे दुखतात म्हणून उतारावर चढले नाहीत. दिवसभर चुलीपाशी बसले, उडदाच्या आमटीत भाकरी कुस्करून जेवले, माळ्यावरच्या गठ्ठ्यांकडे बघून "छान युक्ती आहे" म्हणाले.

खैरनारसर तिचे शिक्षक, आता विभागप्रमुख. दर वर्षी देवळ्याहून त्यांच्या घरचे कांदे आले की एक गोणी यशोदाकडे पोचायची. कलकत्त्याहून त्यांच्याकडेही लेख तपासायला येत. ते कपाटात कुलपात ठेवत आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. आज दुपारीच, पत्र आलं तेव्हा त्यांनी तिला चहा पाजला होता.

"एकटीचं नाव जड जातं गं," ते म्हणाले होते. "माझं नाव जोडून पुन्हा पाठवू. ते लोक मला ओळखतात."

तिचे डोळे भरून आले होते. तिने चक्क हात जोडले होते. टिपण सरांनी वाचायलासुद्धा मागितलं नव्हतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

भाकरी फुगली. आक्काबाईने तिच्या ताटात वाढली. यशोदाने ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

रविवारी ती गंगापूर रोडला सरांच्या घरी गेली. विभागातला कुठलाही इंग्रजी कागद सरांच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे, अगदी रजेचा अर्जसुद्धा. ती विद्यार्थिनी होती तेव्हापासूनचा हा पायंडा. लताकाकूंनी दार उघडलं, वाळलीस म्हणाल्या, आणि पोहे टाकायला आत गेल्या.

"संपादकांना उत्तर लिहिलंय सर. बघता का?"

"उत्तर कशाला? आपलं ठरलं होतं ना?"

"तुम्ही बघितल्याशिवाय मी कधी काही पाठवलंय का?"

सरांनी चष्मा चढवला, पेनाचं टोपण काढलं. मजकूर एका पानाचा होता. परीक्षकांचं म्हणणं खरं आहे, असं तिने लिहिलं होतं. नमुने चुलीवर वाळवले, ते लेखात लिहायचं राहिलं, ही माझी चूक. परीक्षकांनी ती चूल स्वतः पाहिली आहे आणि ते तिथे जेवलेही आहेत, त्यामुळे त्याबद्दल वाद नाही. मात्र रंग मी कापणीआधी, उभ्या पिकात टिपले होते. ते परीक्षकांना दिसलं नाही, कारण त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत होते.

आतून फोडणीचा चुर्र आवाज आला. सर पानाच्या शेवटापर्यंत गेले, परत वर आले. पेन कागदावर टेकलं नाही. यशोदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. त्यांच्या तोंडाकडे बघवेना. त्यांनी काही म्हणावं, निदान रागवावं, असं तिला फार वाटत होतं.

"इंग्रजी ठीक आहे," सर म्हणाले. टोपण लावायला त्यांना वेळ लागला.

लताकाकूंनी पोह्यांच्या बश्या आणल्या. लेख छापून आला की पेढे हवेत हं, असं त्यांनी बजावलं. यशोदाने बशी रिकामी केली, मोरीत विसळून ठेवली. सर तिला पोचवायला फाटकापर्यंत येत नेहमी. आज ते खुर्चीतच बसून राहिले.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी तिने पाकीट बंद करायच्या आधी मजकूर पुन्हा एकदा वाचला. दुसऱ्याच ओळीत एक चूक राहिली होती, एरवी सरांनी झोपेतही पकडली असती अशी. तिने पर्समधून आपलं निळं पेन काढलं, कागद पेटीच्या पाठीवर सपाट धरला आणि चूक दुरुस्त केली.