उंदीर नसलेली खोली

मर्व हॅलोरनला आपल्या तेलाचा भारी अभिमान होता. पण बाहेर सांगायची चोरी होती, त्यामुळे तो सगळा अभिमान एकट्या ग्लेनिसला ऐकावा लागायचा. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. तिला ऐकायची सवय होती.

ह्युऑन नदीच्या काठी त्याच्या बापाची सफरचंदाची बाग होती. ती केव्हाच उपटली गेली. आता मर्व तिथे भांग लावायचा, नशा न चढणारी, सरकारी परवान्याची. बी एका कंपनीला द्यायचं आणि फुलांचे शेंडे शेतातच गाडायचे, असा नियम. पण मर्व दर मार्चमध्ये चार पोती शेंडे घरी आणायचा. सफरचंदाच्या कारखान्यात तीस वर्षं उभं राहून ग्लेनिसचे गुडघे कामातून गेले होते आणि दुखण्याने तिला झोप नव्हती. फुलांतल्या सीबीडी नावाच्या द्रव्याने झोप येते असं त्याने कुठूनसं ऐकलं. झोप खरंच आली. तेलाआधी ती रात्रभर जागी असायची आणि सकाळी मर्वच्या घोरण्याची नक्कल करून दाखवायची.

तेल काढायची त्याची पद्धत ठरलेली होती. शेंडे सावलीत वाळवायचे, चुरायचे, ओव्हनमध्ये मंद भाजायचे. मग फ्रीजरमध्ये गार केलेल्या कडक अल्कोहोलमध्ये बुडवून फडक्याने गाळायचं. ते हिरवं पाणी राइस कुकरमध्ये घालून परसात, पंखा लावून आटवायचं. भडका उडेल म्हणून आसपास काडी ओढायची नाही. अल्कोहोल उडालं की तळाशी डांबरासारखा चिकट गोळा उरायचा. चार पोत्यांचा फक्त एक मगभर! त्यात ऑलिव्ह तेल मिसळलं की झालं औषध.

"फुलावर जे जे असतं ते सगळं यात उतरतं, ग्लेन," तो म्हणायचा. "आणि माझ्या फुलावर फवारणीच्या औषधाचा एक थेंब मारलेला नाही."

"माहीत्ये. काल पण सांगितलंस."

या वर्षी एकच बदल होता. गवताच्या कोठारात उंदरांनी वाळत घातलेली फुलं नासवली होती, म्हणून मर्वने बापाची जुनी फवारणीची खोली उघडली. कोरडीठाक जागा. वर तुळया होत्या, शेंडे उलटे टांगायला अगदी सोयीच्या. आणि गंमत म्हणजे आत एकही उंदीर फिरकत नव्हता. मर्व स्वतःवर खूश झाला. उंदीर इथे का येत नाहीत, एवढा एक प्रश्न त्या शहाण्याने स्वतःला विचारला नाही.

मे महिन्यात नवं तेल सुरू झालं. जूनमध्ये ग्लेनिसच्या पोटात कळा यायला लागल्या. जेवण जाईना. गावातल्या डॉक्टरने वय सांगून गोळ्या दिल्या. तेलाबद्दल तिथे बोलायचं नाही, असं मर्वने तिला बजावलं होतं. परवाना गेला असता. त्याने आपल्या परीने उपाय केला, सहा थेंबांचे बारा केले. मग वीस.

"जीभ वर कर."

"आज नको, मर्व. तोंडाला नाणं चोखल्यासारखं लागतंय."

"औषध आहे ते, आइस्क्रीम नाही. कर वर."

"लहानपणी तुला कुणी असं छळलं होतं का रे?" ती म्हणाली आणि जीभ वर केली.

ऑगस्टमधल्या, ऐन हिवाळ्यातल्या, एका सकाळी तिने चहाची किटली उचलायला हात पुढे केला. हात उचलला गेला, पंजा उचललाच गेला नाही. मनगटापासून तो खाली लोंबत राहिला.

"बघ, हा माझा हात आज संपावर गेलाय," ती म्हणाली.

मर्वने तो पंजा हातात घेतला. हा हात त्याने पाहिला होता. बापाचा. फवारणीचा मोसम संपता संपता बापाचे दोन्ही पंजे असेच लोंबायचे, आणि शाळेत जाण्याआधी सात वर्षांचा मर्व त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायचा. लोक बापाबद्दल म्हणायचे, टॉम पितो. टॉमने आयुष्यात दारू घेतली नव्हती. तो फवारणीच्या खोलीत, सफरचंदांवर मारायला, पिंपात दह्यासारखं पांढरं काहीतरी कालवायचा. त्या फवाऱ्याला सगळे नुसतं 'शिसं' म्हणायचे.

मर्व तसाच त्या खोलीकडे गेला. तुळईवरून त्याने तळवा फिरवला. तळवा पांढरा झाला. त्याच्या डोळ्यांसमोर ती चिकट फुलं आली, त्या तुळयांना दोन आठवडे टांगलेली, वरून झडेल ते अंगाला लावून घेणारी. चार पोती फुलांवर बसलेली सगळी धूळ त्याने स्वतः एका मगात आटवली होती. मग त्याने बाटली खिशात घातली, ग्लेनिसला गाडीत बसवलं आणि थेट होबार्टच्या हॉस्पिटलात नेलं. परवाना गेला चुलीत. त्याने डॉक्टरीणबाईंना व्हरांड्यातच सगळं सांगून टाकलं. ग्लेनिसला सांगायचं मात्र त्याच्याने झालं नाही.

रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या होत्या. मर्वला बाहेरच म्हणाल्या, "शिसं खूप आहे. काढायचं औषध लगेच सुरू करू. पोटातल्या कळा थांबतील. हाताचं मी सांगू शकत नाही." मग त्या आत ग्लेनिसच्या खाटेशी गेल्या. "आजी, हे तेल तुम्ही रोज घेत होतात? मधे काही दिवस घ्यायचं राहून गेलं असेल ना? जितके दिवस राहिलं असेल तितकं बरं."

ग्लेनिसने उत्तर दिलं, मोठ्या कौतुकाने.

"छे हो. एक दिवस चुकू दिला नाही त्याने. मी नको म्हटलं तरी."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि मर्वकडे न बघता निघून गेल्या.

"थंडी वाजतेय रे," ग्लेनिस म्हणाली. तिने स्वेटरचं बटण धरायचा प्रयत्न केला, ते निसटलं. "हा हात बघ की. आणि असं काय तोंड केलंयस?"

मर्व खाटेच्या कडेला बसला आणि खालून वर एकेक बटण लावत गेला. बापाची लावायचा तशीच.