पाठमोरा

चमचा तोंडाजवळ आला तशी तिने मान वळवली आणि टीव्हीच्या पडद्याकडे बोट केलं, त्यामुळे सूप तिच्या गालाला लागलं.

"हे आमचे," ती म्हणाली. "ते पाठमोरे उभे आहेत ना, ते."

त्याने रुमालाने तिचा गाल पुसला. पडद्यावर पाठमोरा उभा होता तो तोच होता, पंचावन्न वर्षांपूर्वीचा. पण हे सांगण्यात अर्थ नव्हता. सांगितलं की ती त्याला आपादमस्तक न्याहाळायची आणि खालच्या आवाजात म्हणायची, की कंपाउंडर, माणसाने बोलावं, पण किती खोटं बोलावं त्यालाही काही मर्यादा आहे.

गेले आठ महिने तो कंपाउंडर होता. सकाळ-संध्याकाळ गोळ्या देतो म्हणजे कंपाउंडरच, हा तिचा तर्क, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. नवऱ्याच्या पदावरून इतक्या खाली आलेल्या माणसाने निदान काम चोख करावं, म्हणून तो गोळ्यांची वेळ कधी चुकवत नसे.

सिनेमा विनोदी होता, काळा-पांढरा. एक न्यायाधीश आणि एक खिसेकापू, दोघे हुबेहूब सारखे. खिसेकापू चुकून न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो आणि बऱ्यापैकी न्याय देतो. न्यायाधीश तुरुंगात जातो आणि तिथे त्याला कुत्रंही विचारत नाही. दोन्ही भूमिका एकाच नामवंत नटाच्या. मात्र दोघे समोरासमोर आले की तोंड असायचं नटाचं आणि पाठ असायची याची. असे अकरा प्रसंग होते. थिएटरात लोक पोट धरधरून हसले, पण पाठीला उद्देशून कोणी हसलं नाही. श्रेयनामावलीत घोड्याचं नाव होतं, याचं नव्हतं. घोड्याला निदान तोंड होतं, असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

ती तेव्हा कपडेपटात होती. नटाचे खांदे सरळ, याचा डावा जन्मापासून उतरता. म्हणून याच्या कोटाच्या डाव्या खांद्यात कापसाची गादी भरायचं काम तिच्याकडे आलं. तीन आठवडे ती रोज त्याच्या मागे उभी राहिली. तिच्या तोंडात टाचण्या असायच्या, त्यामुळे बोलायचं ते सगळं त्यानेच, तेही समोरच्या भिंतीशी. शेवटच्या दिवशी तिने टाचण्या काढून ठेवल्या आणि म्हणाली, की गादीशिवायच तुम्ही बरे दिसता. त्यानंतर लग्नाला फार दिवस लागले नाहीत.

चार वाजता मुलगी आली. बरोबर विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेच्या बाई होत्या. मुलीचं म्हणणं आठवडाभर एकच होतं. बाबा, तुम्ही एक्क्याऐंशीचे, जिना चढताना तुम्हाला दोनदा बसावं लागतं. आई तर तुम्हाला ओळखतही नाही. मग संस्थेत नेली तर तिला असा कोणता फरक पडणार आहे? संस्था दोन तासांवर होती. तिथे बाग होती, चोवीस तास नर्स होत्या आणि भेटायला रविवार होता. आधी बाईंनी घरी येऊन बघावं, एवढंच त्याने पदरात पाडून घेतलं होतं. ठरलं असं, की घरातलं एक जरी माणूस तिने ओळखलं, तर ती घरीच राहील. त्या दिवशी त्याने दाढी दोनदा केली होती.

बाईंनी मांडीवर फॉर्म घेतला आणि मुलीकडे हात केला. "या कोण, सांगाल?"

तिने मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बँकेतल्या असाव्यात. चपला चांगल्या आहेत."

मुलगी हसली, आणि मग बराच वेळ पर्सची चेन उघडत-लावत राहिली.

"आणि हे?"

तो फोटोला बसल्यासारखा ताठ बसला होता.

"कंपाउंडर," ती म्हणाली. "हात हलका आहे त्यांचा."

बाईंनी शब्द सुटे सुटे करून पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, पुरे आता." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. टीव्हीवर खिसेकापू न्यायासनावर बसून लाकडी हातोडा आपटत होता, तो आवाज कमी करता येईल का, असं बाईंनी विचारलं. रिमोटचे सेल गेले होते. तो उठला, टीव्हीपाशी गेला आणि वाकून बटण शोधू लागला.

"अहो."

हा आवाज त्याने आठ महिन्यांत ऐकला नव्हता.

"केव्हा आलात? आज लवकर सुटलं वाटतं?"

त्याचं बोट बटणावरच राहिलं. तो वळायला निघाला होता, पण वळला नाही. भिंतीशी बोलायची त्याला जुनी सवय होती.

"आत्ताच आलो," तो म्हणाला.

"खांदा बघा किती पाडलाय. सरळ उभं राहा म्हटलं की राग येतो."

बाईंनी तिच्याजवळ सरकून हे कोण म्हणून विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" ती म्हणाली. "नवरा आहे माझा."

बाईंनी फॉर्म उलटा-सुलटा करून वाचला. कुठल्या बाजूने ओळखलं, हे त्यात विचारलेलं नव्हतं. त्यांनी 'ओळखतात' या चौकटीत खूण केली आणि सही ठोकली. मुलगी निघताना त्याच्या मागे येऊन उभी राहिली, त्याच्या पाठीवर तळहात ठेवला, आणि गेली.

दार लागलं. तो अजून टीव्हीकडे तोंड करून उभा होता.

"गेल्या का त्या?"

"गेल्या."

"मग एक सांगते. तो कंपाउंडर."

"काय केलं त्याने?"

"केलं काही नाही. माणूस सोन्यासारखा आहे. पण माझ्याकडे बघत बसतो हो, तासन् तास. तुम्ही नव्हता तेव्हा चाललं. आता बरं नाही दिसत."

टीव्हीमागच्या भिंतीचा एक पोपडा निघाला होता. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"उद्यापासून येऊ नका म्हणावं," ती म्हणाली. "पण गोड बोलून सांगा. त्याला घरी कोणी नसावं, असं वाटतं मला."

"सांगतो."

"आणि दूध आज तुम्हीच आणा."

स्वयंपाकघराचं दार टीव्हीच्या शेजारीच होतं. त्याने दूध कोमट केलं आणि सांडू नये म्हणून अर्धाच पेला भरला. मग तो दाराकडे पाठ करून उभा राहिला, टाचेने उंबरा चाचपला आणि एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. वाटेत खुर्ची होती की नव्हती, ते त्याला आठवेना.

"या," मागून ती म्हणाली. "अजून थोडं मागे. या, काही नाहीये मध्ये."