बिनचाकाची रहदारी

गोरखचा नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा गाळा. आयुष्यभर कॅरेटमधला माल निवडून त्याच्या नजरेला अशी सवय जडलेली, की माणूस समोर आला तरी ती आधी प्रतवारी करायची. एक नंबर, दोन नंबर आणि फेकायचा. बहिणीचा नवरा मच्छिंद्र, याला त्यानं लग्नाच्या मांडवातच तिसऱ्या ढिगात टाकलं होतं.

मच्छिंद्रनं निम्मी हयात तळेघरच्या बाजूला माणसं कोंबून वडाप जीप चालवली. पुढं जीपनंच मान टाकली. तेव्हा गोरख बहिणीकडं येऊन, पाहुणचार झोडून, मिशीला लागलेलं तूप पुसत म्हणाला, "दाजी, गाळ्यावं येऊन बसा."

गोरखच्या गाळ्यावर 'बसणं' म्हणजे दिवसभर कॅरेट उचलणं, आणि वर मालकाचे विनोद ऐकून हसणं. कॅरेटचं मच्छिंद्रला काही नव्हतं. हसण्याचंच त्याला जड जाणार होतं.

अशात पुण्याची श्रेया मॅडम भेटली. ती लोकांना सायकलीवरून रानावनात फिरवायची. मच्छिंद्रच्या गावातून देवराईपर्यंत जाणारा झाडीतला रस्ता तिला फार आवडला. दोन्ही बाजूंना ऐन, हिरडा, जांभळी, आणि पुढं रस्ताच संपलेला. "गाड्यांचा त्रास नको, शांतता हवी," ती म्हणाली. "रविवारी मी आणि माझा एक सहकारी फिरून बघतो. पटलं तर हिवाळाभर माणसं आणीन. वाटाडे तुम्ही."

मच्छिंद्रनं घरी आलेल्या गोरखला हे सांगितलं. गोरख म्हणाला, "चालंल. मॅडम न्हाई म्हनली, की सोमवारी गाळ्यावं." बायको शीला मध्ये बसून दोघांकडं बघत होती. तिनं भावाला हो म्हटलं नाही नि नवऱ्याला नाही म्हटलं नाही. तिची बेरीज ती मनातच ठेवायची.

आता खरं सांगायचं तर त्या रस्त्यावर रविवारी एक दुधाची मोटारसायकल आणि फार तर एखादा ट्रॅक्टर. शहाण्यानं गप्प बसायचं. पण जीपवाला गप्प बसेल कसा? मच्छिंद्रनं देवळापुढं गाव गोळा केलं.

"रविवारी आपल्या रस्त्यावं एक बी गाडी दिसता कामा न्हाई. पुण्याची पावनी सायकलीवं येनारेत."

"का? गाडी न्हाई व्हय त्यांच्याकडं?" कुशाबानं विचारलं.

"हाय की. घरी ठिवून येत्यात."

"गाडी घरी ठिवून सायकल?" कुशाबानं आवाज खाली घेतला. "घरात काय भांडान बिंडान?"

तेवढ्यात गजराबाई उठल्या. गावात त्यांच्या शब्दापुढं सरपंचही मान तुकवायचा. "मच्छिंद्रा, गाडी न्हाई आनत आमी. पन पोरं एवढ्या लांबून पाय मारत येनार, आन वाटंला कुनी पानी बी इचारायचं न्हाई? गावाला नाव ठिवतील ना रं."

या एका वाक्यात मच्छिंद्रचं काम तमाम झालं. पण हे त्याला रविवारीच कळलं.

रविवारी सकाळी श्रेया आणि तिच्याबरोबरचा सुदर्शन सायकलींवरून निघाले. पुढं मच्छिंद्र, पुतण्याची जुनी सायकल घेऊन. पहिल्या वळणावर श्रेयानं दचकून ब्रेक दाबला.

"कुठली गाडी आली?"

"गाडी न्हाई, मॅडम," मच्छिंद्र ओशाळला. "मीच हॉर्न वाजीवला. तोंडानं. वळन आलं की आपसूक निघतो."

दुसऱ्या वळणावर हॉर्नची गरजच पडली नाही, कारण तिथं रस्ताच दिसत नव्हता. अख्खं गाव रस्त्यावर उतरलेलं. रिकामा रस्ता कसा दिसतो ते बघायला जो तो आला होता, आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन आला होता. भाताची झोडणी अर्धी टाकून माणसं आली होती. डोक्याला पेंढा तसाच. मधोमध भिमाची मेंढरं.

"भिमा, अरं मी काय सांगितलं व्हतं?" मच्छिंद्र ओरडला.

"गाडी आनू नगा म्हनलास," भिमा शांतपणे काठीवर हनुवटी टेकून म्हणाला. "मेंढराला चाकं हायेत का?"

मेंढरं बाजूला होईतो गजराबाईंनी किटली पुढं केली. चहाला नाही म्हणणं त्या गावात चालत नाही. एका घरचा घेतला नि दुसऱ्याचा नाकारला तर भावकीत दोन तट पडतात. सुदर्शननं पहिला कप हसत घेतला, दुसरा आभार मानून, आणि पुढचे मुकाट्यानं. मग पोहे आले. पोह्यांमागून नाचणीची भाकरी आली, तिच्यावर लोण्याचा गोळा. कोंडाबाईंनी श्रेयाचा दंड चाचपून बघितला आणि भाकरीवर दुसरी भाकरी ठेवली.

"मावशी, आम्हाला अजून सायकल चालवायची आहे हो."

"म्हनूनच म्हनते, खा. मोकळ्या पोटानं का चढ चढतो?"

"ही शांतता?" सुदर्शननं श्रेयाच्या कानाशी विचारलं. तिच्या तोंडात भाकरी होती. मच्छिंद्रला मात्र सोमवारचं कॅरेट डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

इकडं गावाच्या तोंडाशी गोरखचा टेम्पो आला. दाजींचं हसं होणार आणि आपण बघायला नाही, असं कसं होईल? तिथं बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून शीला उभी.

"शीले, फांदी काढ. मी तुजा भाऊ हाय."

"भाऊ हायेस ना? मंग भाऊ आत ये. टेम्पो ऱ्हाऊ दे हितंच."

गोरख चालत आला. सुपारी आणायलाही टेम्पो काढणारा माणूस तो. घामानं निथळत पोचला तेव्हा समोरचं दृश्य बघून मात्र त्याच्या जिवाला थंडावा मिळाला. देवराईचा चढ सुरू होत होता, आणि दोन्ही पुणेकर सायकलीवर बसून जागच्या जागी हलत होते. भरलेली पोती जशी. पायडल मारायला पाय वर यायचा, तर मध्ये पोट यायचं.

"दाजी, टेम्पो बोलवू?" गोरख गोड आवाजात म्हणाला. "सायकली टाकू मागं, पावन्यांना बशिवतो फुडं."

मच्छिंद्रनं श्रेयाकडं बघितलं. टेम्पो आला की शब्द गेला. शब्द गेला की गाळा आला.

"गाडी न्हाई येनार," गजराबाईंनी निकाल दिला. "गावानं सांगितलं ते सांगितलं. कुशाबा, धर मागनं."

मग जे झालं ते त्या रस्त्यानं कधी पाहिलं नसेल. श्रेयाच्या सायकलीला चार जण मागून, दोघं बाजूनं. सुदर्शनला जास्त लागले. भाकरी त्यानं जास्त खाल्ली होती. पुढं मेंढरं, मागं किटल्या, आणि "हाण रं, लाव जोर!" अशी आरोळी. गोरख नुसता उभा राहिला असता, पण गजराबाईंनी त्याचा हात धरून सुदर्शनच्या सीटखाली लावला. "कॅरेट उचलतोस ना? मंग ढकल."

चढ संपला तिथं शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड. सगळे थांबले. सगळ्यांनी चपला काढल्या. श्रेयानं काही न विचारता बूट काढले. दगडाच्या पलीकडं देवराई, आणि देवराईत मोठ्यानं बोलायचं नाही, ही वाडवडिलांची रीत. मघाशी कान किटवणारं ते गाव एका पावलात मुकं झालं. सायकलीची साखळी तेवढी टिकटिकत होती. मेंढरंसुद्धा, भिमाच्या म्हणण्याप्रमाणे, आपण होऊन गप्प झाली.

वर जांभळीच्या फांदीवर काही हललं. तांबूस, झुपकेदार शेपूट खाली सोडून एक शेकरू बसलं होतं. श्रेया बघत राहिली. तिच्यामागं अख्खं गाव अनवाणी उभं होतं, नि कुणाचा खोकलाही नव्हता.

आणि गोरखचा फोन वाजला. लग्नाच्या वरातीतलं गाणं, पूर्ण आवाजात, ताशासकट.

शेकरू तीन झाडं पलीकडं. गोरख खिसे चाचपतोय, घामेजल्या हातातून फोन निसटतोय. गजराबाईंनी तो झेलला, रिकाम्या किटलीत टाकला, वर झाकण दाबलं नि किटली पदरात गुंडाळली. थोडा वेळ त्यांच्या पदरात वरात निघाली होती. मग तीही विझली.

परतीच्या वाटेवर दगड ओलांडला तशी श्रेया मच्छिंद्रला म्हणाली, "पुढच्या रविवारी दहा जण आणते. एवढी शांतता मी कुठंच ऐकली नाही. फक्त एक करा. गावात कुणाला सांगू नका."

"न्हाई मॅडम. आपल्या दोघांतच."

मागून गजराबाईंचा आवाज आला, "कोंडे, दहा मानसं हायेत गं. आत्ताच सांगून ठिवते, मोठी कढई काढ."

गोरख किटलीतून फोन काढून पुसत होता. चहाची पत्ती काचेला चिकटलेली. चालता चालता तो मच्छिंद्रच्या शेजारी आला. मग खाकरला. "दाजी, दहा सायकली म्हंजे... आनायला न्यायला टेम्पो लागंल की."

मच्छिंद्रनं त्याच्याकडं नीट बघितलं. वरून, खालून, जसा माल बघतात तसा.

"गावाच्या बाहेरपर्यंत आन," तो म्हणाला. "आत ढकलायला तू एकटाच ये."

पुढं वळण होतं. सवयीनं त्याच्या तोंडून हॉर्न निघाला, आणि या वेळी रस्त्यावरचं सगळं गाव बाजूला झालं.