दादाचं निळं जेल

बाबांची दाढ दादानं तिसऱ्यांदा भरली आणि तिसऱ्यांदा ते भरण बाबांच्या तळहातावर आलं. दादानं नेहमीप्रमाणे बाबांनाच धारेवर धरलं. "चावता कसे हो तुम्ही? दगड फोडता का?" नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

दादाची धाकटी बहीणही दातांचीच डॉक्टर, पण त्याच्याच दवाखान्यात, त्याच्या हाताखाली. चूक कुठे होतेय ते तिला स्वच्छ दिसत होतं. भरण दाताला चिकटवणाऱ्या नव्या बाँडमध्ये स्वतःचंच सौम्य आम्ल असतं. ते दातातल्या कॅल्शियमला धरतं आणि भरण घट्ट बसतं. दादा मात्र कॉलेजातल्या सवयीनं आधी तीव्र आम्लाचं निळं जेल थापायचा, तेही हिरडीजवळच्या उघड्या, मऊ भागावर, आणि फोनवर गप्पा मारत विसरून जायचा. जेल धुतलं की कॅल्शियमही वाहून जायचं. मग बाँडनं धरायचं कुणाला? दादाच्या कीर्तीला?

तिनं एकदा सांगून पाहिलं. "मी डॉक्टर झालो तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते," दादा म्हणाला. झालं, शास्त्र संपलं.

बाबांची अर्धी कवळी त्याच दाढेला अडकवलेली. दाढ गेली की कवळी गेली, मग जन्मभर सगळं कुस्करून खायचं. "शेवटचं एकदा भरतो. पडलं तर उपटायची," दादानं जाहीर केलं.

त्या दिवशी त्यानं दाढ साफ केली, जेलची नळी उचलली आणि फोन वाजला. तो बाहेर गेला. धाकटीनं नळी बाजूला सारली, बाँड नीट चोळलं, हवा मारली, ते पक्कं करणारा दिवा धरला आणि दाढ भरून टाकली. दादा परतला तेव्हा ती भरण गुळगुळीत करत होती.

"जेल लावलंस ना?"

"हो." खोटं बोलल्याचं तिला काडीइतकंही वाईट वाटलं नाही.

वर्ष सरलं, भरण हललं नाही. दादा येईल त्याला बाबांचं तोंड उघडून दाखवू लागला. "चिकाटी लागते!" बाबा आ वासून मान डोलवायचे. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा दादाची पाठ वळताच ती म्हणाली, "बाबा, ती दाढ मी भरलीय. जेल न लावता."

"ठाऊक आहे. मी खुर्चीतच होतो की," बाबा म्हणाले. "त्याला सांगू नकोस. थोरला आहे, मनाला लावून घेईल."

"आणि रोज तो ज्यांच्या दाढा तशाच भरतो, त्यांचं काय?"

बाबांनी जिभेनं कवळी चाचपली. घट्ट होती.

"त्या काय आपल्या दाढा आहेत?" ते म्हणाले.