गार पडलेला पाय

रिठदच्या दौलतरावांच्या घरात दोन सुना. थोरली ज्योत्स्ना, हरीओमची; धाकटी निकिता, राजूची. निकिताला महिनाभर ताप येत होता. गोळ्यांनी उतरायचा, पुन्हा चढायचा. ती ओसरीवर पडून असायची आणि सासू सोजरबाई तिच्या उशाशी.

ते पाहून ज्योत्स्नाच्या अंगाची आग व्हायची. तिला टायफॉईड झाला तेव्हा अंगात कणकण असतानाच ती सोयाबीन सोंगायला गेली होती. तिच्या उशाशी कोणी बसलं नव्हतं.

एका दुपारी निकिता एकाएकी ओरडली, "माय वं! पाय गेला माहा!"

"वात भरला असन," सोजरबाई म्हणाल्या. "ज्योत्स्ना, दाबून दे वं तिचा पाय."

आता हेही करा! ज्योत्स्नानं रागारागानं पोटरी दाबली, आणि तिचा हात तसाच थांबला. निकिताचं अंग तापानं भाजत होतं, डावा पाय मात्र माठासारखा गार. बोटं पांढरीफटक.

"दाबून राह्यली तं दुखते का?"

"तुमी दाबून राह्यल्या?" निकिता म्हणाली. "मले तं समजतच नाही."

"आई, हे वाताचं नोहे! राजूभाऊले बोलवा!"

राजू वावरातून धावत आला. सगळ्यांदेखत त्यानं बायकोला दोन्ही हातांवर उचललं आणि गाडीत नेऊन झोपवलं. ज्योत्स्ना सोबत निघाली. जीव घाबरला होता, तरी नजर राजूच्या हातांवरून हटेना. तिचा हात मोडला होता तेव्हा हरीओमनं तिला एकटीलाच ऑटोत बसवून दिलं होतं.

वाशीमच्या दवाखान्यातून तिला अकोल्याला नेलं. "हिच्या हृदयाची झडप आधीच अधू होती, तिला जंतुसंसर्ग झालाय," डॉक्टर म्हणाले. "तिथं धरलेली रक्ताची गाठ सुटून पायाच्या रक्तवाहिनीत अडकली. अजून उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता."

ऑपरेशन करून गाठ काढली. पाय वाचला, दोन बोटं गेली. झडपेच्या संसर्गासाठी कितीतरी आठवडे इंजेक्शनं चालली.

निकिता घरी आली तशा बायका भेटायला येऊ लागल्या.

"म्या हात लावला तं पाय बरफ!" सोजरबाई सांगत होत्या. "म्याच राजूले हाक मारली."

आत चहा गाळताना ज्योत्स्नाचे ओठ आवळले. हेही श्रेय त्यांनीच घ्यावं?

"नाही, आई," निकिताचा आवाज आला. "ताईनं पाह्यलं. तुमी तं वात म्हणून राह्यल्या होत्या."

बायका हसल्या. ज्योत्स्नाला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पण संध्याकाळी जेवताना सोजरबाईंनी निकिताच्या भातावर तुपाची धार सोडली आणि बरणी झाकली. तशी तीच आग पुन्हा उठली. ज्योत्स्नानं आपलं ताट पुढे सरकवलं.

"मले बी वाढा."

सोजरबाई पाहतच राहिल्या. "तुले तूप आवडते?"

"लग्न होऊन आली तवापासून आवडते. तुमी कधी इचारलंच नाही."

सोजरबाईंनी बरणी पुन्हा उघडली.