उजेडाचं बटण

मित्रांनो, कपाटावर जुन्या बॅनरखाली पडलेला काळा लॅपटॉप दिसतो ना, तोच मी. माझ्या तुटक्या बिजागरीला हसू नका. माझेही दिवस होते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते नंदुरबार. मिरच्या वाळत घालायच्या पथाऱ्यांजवळ एका लहानशा संस्थेची खोली होती, तिथे मी कामाला लागलो. हंगामात तिखट धूळ थेट माझ्या पंख्यात शिरायची आणि मी असा काही खोकायचो की सबीहा म्हणायची, "याले सरबत पाजा रे कोणी!" सबीहा म्हणजे रिक्षावाल्या सलीमभाईंची मुलगी, संस्थेत लोकांना नकाशे काढायला शिकवायची. माझ्यावर जीव होता तो तिचाच.

माझ्या पोटात नकाशे काढायचं एक सॉफ्टवेअर होतं. फुकटचं आणि मोठ्या मनाचं. कुणीही त्याचं आतलं काम उघडावं, हवं तसं बदलावं, त्याची ना नव्हती. पण नवख्या माणसाची ते पार भंबेरी उडवायचं. कपाळभर बटणं, आणि सगळी इंग्रजीत! शिकायला आलेली माणसं पाणी प्यायला म्हणून उठायची, ती परत यायचीच नाहीत. शेवटी सबीहाने मनावर घेतलं. नको ती बटणं तिने लपवली आणि उरलेल्यांना मराठी नावं दिली. लोक तिचं कौतुक करायचे, आणि मी आपला उगीच फुगायचो.

एक दिवस काठी गावाच्या पलीकडच्या पाटीलपाड्यातून मंगलाबाई आल्या. त्या तिथल्या आशाताई, घरोघरी आरोग्याचं बघणाऱ्या. डोंगरात गावोगावी एक पाटीलपाडा असतो, पण सगळ्यांसाठीच्या ज्या नकाशात आम्ही भर घालायचो, त्यात होता तो एकच, तोही दुसऱ्या गावचा. दवाखान्याची गाडी मोबाईलवर हाच नकाशा बघून निघायची आणि हमखास तिकडे जायची. मंगलाबाईंची सून तुळशी पोटुशी होती. "तिचे दिवस भरायच्या आत माझा पाडा नकाशात आला पाहिजे, मॅडम," त्या म्हणाल्या.

त्या रोज एसटीने येऊ लागल्या. सुरुवातीला मला हात लावण्याआधी त्या पदराला बोटं पुसायच्या. 'जतन करा' या बटणापाशी तर गाडी अडलीच.

"जतन म्हणजे काय करू?"

सबीहाने कपाळाला हात लावला आणि तिथल्या तिथे नाव बदललं: 'ठी द्या'. म्हणजे ठेवून द्या. ही बाजारातली अहिराणी मंगलाबाईंना चांगली कळायची.

"आते समजनं का, मावशी?"

"समजलं की!" मंगलाबाई खळखळून हसल्या. किती दिवसांनी कुणी माझ्यासमोर असं हसत होतं!

शेवटच्या दिवशी संध्याकाळी वीज गेली होती आणि माझी बॅटरी तळाला लागली होती. सबीहा एसटीची वेळ विचारायला बाहेर गेली. मंगलाबाईंनी एकटीने पाड्याचा लाल ठिपका लावला, नाल्याकाठची वाट काढली, वळणावरचा महू म्हणजे मोहाचं झाडही दाखवलं. 'ठी द्या' दाबलं. आता एकच बटण उरलं होतं, 'प्रकाशित करा'. त्यांचं बोट त्याच्याजवळ गेलं आणि मागे आलं. मग त्यांनी मला हळूच मिटलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"झायं का, मावशी?" सबीहाने दारातूनच विचारलं.

त्यांनी मान डोलावली. दोघी आनंदाने स्टँडकडे गेल्या. मला मात्र ठाऊक होतं, तो ठिपका माझ्याच पोटात राहिलाय, बाहेरच्या जगाला तो दिसतच नाही. पण देवाने मला तोंड कुठे दिलंय?

तुळशीला कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी निघाली आणि दुसऱ्याच पाटीलपाड्यात जाऊन थांबली. फिरून येईपर्यंत फार उशीर झाला. तुळशी वाचली. बाळ गेलं.

काही दिवसांनी मंगलाबाई आल्या. ओरडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मी ठेवलं होतं ना? मग माझा पाडा गेला कुठं?"

सबीहाने मला उघडलं. ठिपका होता, वाट होती, महूही होता. तिने 'प्रकाशित करा'वर बोट ठेवून विचारलं, "हाई नही दाबं का, मावशी?"

"ते उजेडाचं बटण ना? बॅटरी संपत आली होती. म्हटलं, उजेड वाढवला तर हा बंद पडेल, सगळं पुसलं जाईल."

माझ्यासाठी, मित्रांनो! माझी बॅटरी वाचावी म्हणून!

सबीहाने ओढणीत तोंड लपवलं. "चूक तुमनी नही, मावशी. मन्ही शे." रडत रडतच तिने त्या बटणावर लिहिलं, 'समदासले दखाडा', म्हणजे सगळ्यांना दाखवा. मंगलाबाईंनी स्वतःच्या हाताने ते दाबलं. पाटीलपाडा सगळ्यांच्या मोबाईलवर दिसू लागला.

"बाळासाठी झोळी बांधली होती," त्या उठताना म्हणाल्या. "अजून सोडवत नाही."

आता सबीहापाशी नवा लॅपटॉप आहे. सगळी बटणं बोलीतली आहेत, नवखी माणसं पटापट शिकतात. मी इथे धूळ खातो, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, एक ऐका माझं. नवख्या माणसाने मान डोलावली म्हणजे त्याला कळलं, असं धरून चालू नका. जवळ बसा आणि विचारा, "मावशी, या शब्दाचा अर्थ तुम्हाला काय वाटला?" एवढं त्या संध्याकाळी कुणी विचारलं असतं, तर पाटीलपाड्यातली ती झोळी आज रिकामी नसती.