बंदूकवाला कैलास

नांदे गावातल्या गोडाऊनात बारकोड वाचायचं मशीन एकच होतं आणि ते कैलासच्या कमरेला असायचं. सगळे त्याला बंदूक म्हणत. पाइप असो, नळ असो, माल आत यायला आणि बाहेर जायला बंदूक लागायचीच. त्यामुळे कुणालाही काही हवं असलं की तो आधी "कैलासदादा" म्हणायचा आणि मग कामाचं बोलायचा. कैलासला हे फार आवडायचं. का आवडू नये?

त्याची बायको शीतल तिथंच पॅकिंगला होती. तिला कामाला लावलं तेही त्यानंच. आता तीच आपल्या मुळावर उठली, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

झालं एवढंच की नवी लेबलं छापायची होती. मालक मनीषसरांनी सगळ्यांसमोर विचारलं, बारकोडच ठेवायचे की क्यूआर कोड घ्यायचे? कैलास घसा खाकरेपर्यंत शीतल बोलून मोकळी.

"सर, गोल पाइपवर बारकोडच्या रेघा वाकत्यात, धड वाचतच न्हाईत. क्यूआर बारका बसंल. आन कुनाच्या बी मोबाइलवर वाचता येईल. ह्येंची वाट बघाय नको."

"करेक्ट! शीतलताई, एका रॅकला लावून बघा. दसऱ्यापर्यंत ठरवू."

झालं! दुसऱ्या दिवसापासून टेम्पोवाला साहिलसुद्धा मोबाइल काढून थेट शीतलकडे जाऊ लागला. कैलास बंदूक पुसत बसायचा. रात्री जेवताना त्यानं ताट सरकवलं.

"मीठ न्हाई आमटीत."

"हाय की, बरोबर हाय."

"व्हय का? मग मोबाइलवर वाचून दाखव."

शीतल हसली. तिनं हसायला नको होतं.

खंडेनवमीला गोडाऊनात यंत्रांची, रॅकची पूजा असते. हळद-कुंकू बायकाच लावायच्या. या वर्षी मात्र कैलासनं वाटी स्वतःच्या हातात घेतली. कुंकू चांगलं ओलं कालवलं आणि क्यूआरच्या रॅकपाशी जाऊन एकेका लेबलावर अंगठा टेकवत सुटला. देवाचं काम, कोण अडवणार? पलीकडच्या बारकोडच्या रॅकला शीतल कुंकू लावत होती. तिनं एकदाच मान वळवून पाहिलं. मग आपली बोटं रॅकच्या लोखंडाला टेकवत पुढं गेली. एकाही बारकोडला तिनं कुंकू लागू दिलं नाही.

आरती झाली, पेढे वाटले, आणि मनीषसरांनी हौसेनं मोबाइल काढला. पहिलं लेबल वाचलं. दुसरं वाचलं. एखाददुसरं सोडलं तर रॅकभर सगळी वाचली.

"कमाल आहे!" सर म्हणाले. "याचे तीन कोपरे शाबूत असले ना, की मधलं थोडं झाकलं तरी चालतं."

आता कपाळ असो की इंजिन, कुंकू मधोमध लावायचं, ही हाताची लहानपणापासूनची सवय. कोपरा बुजवावा हे कैलासच्या अंगठ्याला सुचलंच नव्हतं.

"पण थेट लेबलावर कुणी फासलं हे?" सरांच्या कपाळाला आठी पडली.

कैलासनं कुंकवानं माखलेला अंगठा मुठीत लपवला.

"ह्येंनी, सर," शीतल म्हणाली. कैलासनं डोळे मिटून घेतले. "ह्येंचंच डोस्कं. म्हनले, दरसाल पूजेला कुंकू लागनारच, तर टिकतंय का न्हाई ते आजच बघू."

"वा, कैलासराव! याला म्हणतात विचार." सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "ठरलं, क्यूआरच घ्यायचे."

टाळ्या पडल्या. साहिलनं त्याच्या तोंडात पेढा कोंबला. कैलासनं चोरून शीतलकडे पाहिलं. ती ओढणीच्या टोकानं लेबलांवरचं कुंकू हळूहळू टिपत होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. असतं तर घरी जाऊन भांडता तरी आलं असतं. आज गोडाऊनभर त्याचा जो उदोउदो चालला होता, तोही तिनंच त्याच्या पदरात टाकलेला होता. बायकोवर इतका तो आयुष्यात कधी जळला नव्हता.